कुलूप न मानणारा ब्राउझर

एका मुलीच्या लॅपटॉपवर, ब्राउझरच्या सेटिंगमधली एक बरोबरची खूण मी तिला न विचारता काढून टाकली. चूक एवढीच.

मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, मोलगी गावाच्या वरच्या पाड्यावरची. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी तिने एका शिकवणीचे ऑनलाइन पाठ घेतले होते. घरात फोन बटणांचा, म्हणून माझा जुना लॅपटॉप मी तिला दिला. पण नुसता लॅपटॉप देईन तो मी कसला? खापर गावी माझ्याकडे कुणी पेन ड्राइव्ह दुरुस्तीला आणला, तरी मुक्त सॉफ्टवेअरवर अर्धा तास ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसते. आपल्या यंत्रात जे चालतं ते आपल्याला उघडून बघता आलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, दुसऱ्याला देता आलं पाहिजे. सिनेमे, मॅच, शिकवण्या दाखवणाऱ्या कंपन्या मात्र कुणी नक्कल करू नये म्हणून ब्राउझरच्या आत कुलपाचा एक तुकडा बसवून घेतात. तो आत काय करतो ते बघायची आपल्याला मुभा नाही. असला तुकडा, आणि मी दिलेल्या लॅपटॉपमध्ये? खूण काढली, तुकडा बंद केला आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिलो.

तिचे पाठ नेमके त्याच कुलपातले निघाले.

पाड्यावर रेंज नाही. ती रोज लॅपटॉप आणि डोंगल घेऊन टेकाडावर चढायची, पाठ लावायची, काळा पडदा बघायची आणि उतरायची. असे तीन आठवडे. शेवटी बाजाराच्या दिवशी मोलगीहून जीप धरून ती माझ्याकडे आली, तेव्हा परीक्षेला चार दिवस उरले होते. एवढे दिवस काय करत होतीस म्हणून मी उलट तिलाच झापलं.

"सर, मला वाटलं माझ्याच हातून बिघडला. तुम्ही दिलेला होता ना."

खूण परत करायला मला दोन सेकंद लागले. त्यानंतर कंपन्यांच्या दांडगाईवर मी तिला बरंच ऐकवलं. ती मान हलवत होती आणि परतीच्या जीपसाठी रस्त्याकडे बघत होती.

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. कुलपाबद्दलचं माझं मत आजही तेच आहे, आणि ते बरोबर आहे हेच जास्त टोचतं.

त्या दिवशी बायकोला मी सगळं समजावून सांगितलं. ती खूण नसेल तर कुलपातलं काहीच दिसत नाही, पण माणसाने तत्त्व सोडायचं का? तिने भाकरी उलटली.

"तुमना लॅपटॉपवर मॅच ते बराबर दिखस," ती म्हणाली.