जेवल्यावरची गोळी

माझी अक्का बीपीची गोळी न घेतल्यामुळे गेली.

गोळ्या घरात होत्या. पाकीट अजून देवळीत तसंच पडलंय.

परवा तिचं तेरावं झालं. आज सोमवार. चिंताकीला, तिच्या सासरी, तिच्याच ओसरीवर बसून हे लिहितोय, कारण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. औरादला माझं कापडाचं दुकान ज्याला माहीत आहे, त्याने तिला पाहिलंच असेल. दर बाजाराला यायची. गिऱ्हाइकासमोर मला बाळ्या म्हणायची आणि माझ्याच कापडात खोट काढायची.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बीपी सांगितलं. रोज एक गोळी, जेवल्यावर.

अक्काने शब्दन् शब्द पाळला.

सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्येच एकादशी आली की तीही. उपवासाला जेवण नाही. जेवण नाही म्हणून गोळी नाही.

किती भांडलो असेन मी तिच्याशी!

"अक्का, आज गोळी कामून घेतली न्हाईस?"

"सोमवार हाय की रं. जेवल्यावर घ्या म्हनलेत डॉक्टर."

"आत्ता ताटभर साबुदाणा खाल्लीस की!"

"ते जेवन व्हय? उगं काय बी बोलायलास."

दाजी हसायचे. मी चिडून दुकानाचा रस्ता धरायचो. सांगून सांगून थकलो, आता काय तोंडात कोंबायची होती का?

आणि हे उपवास तिने हौसेने धरले नव्हते. नागूसाठी धरले होते.

नागू तिचा एकुलता एक मुलगा. हैदराबादला कंपनीत होता. तिकडून आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. झोप नाही, बोलणं नाही, आंघोळ नाही. गाव म्हणालं, बाहेरचं आहे, उतरवून टाका. अक्काने सगळ्यांना तोंडावर गप्प केलं आणि पोराला बसमध्ये घालून गुलबर्ग्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डिप्रेशन, ते म्हणाले. त्याचीही गोळी सुरू झाली.

तीही जेवल्यावर.

ती मात्र एकदाही चुकली नाही. स्वतः उपाशी असली तरी त्याला गरम भाकरी वाढायची, जेवला की गोळी हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

हळूहळू पोरगं दाढी करायला लागलं. एकदा चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरलं, तर अक्काने मला फोन केला आणि आनंदाने रडली.

ती पडली तेव्हाही सोमवारच होता. गोठ्यात पडली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. बिदरला नेलं, पण शुद्धीवर आलीच नाही.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोली रोज लेते थे क्या?"

दाजी म्हणाले, "हौ साब, रोज. खाने के बाद."

मग मी उपवासाचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं.

"ये गोली तो खाली पेट भी चलती थी," ते म्हणाले.

हे वाक्य मला जगू देत नाही.

मी त्यांच्या मागेच लागलो. नेमकं कशाने झालं, ते सांगा. बिचाऱ्यांनी समजावलं. हजारो माणसांना वर्षानुवर्षं तपासून कळतं, कशाने धोका वाढतो ते. बीपी, मीठ, घराण्यात कुणाला असणं, झोप नसणं, सततची काळजी. त्याला रिस्क फॅक्टर म्हणतात. पण या एका बाईला नेमकं कशाने झालं, हे एकाच गोष्टीवर बोट ठेवून सांगता येत नाही.

घरी येऊन मोबाईलवर तेच वाचत बसलो. शरीराचं दुखणं मनाला लागतं, मनाचं शरीराला. आमची आईही अशीच गेली होती. सगळं आमच्याच घरचं लिहून ठेवल्यागत. वाचून काय करू? अक्का परत येणार आहे का?

आणि जे डॉक्टरांना सांगता आलं नाही, ते भेटायला आलेल्यांनी ओसरीवर बसून चहाच्या घोटाबरोबर सांगून टाकलं.

"पोराच्या काळजीनं गेली बगा."

एक म्हणाला, मग प्रत्येकजण म्हणायला लागला. नागू दाराआड बसला होता. त्याने सगळं ऐकलं.

आज सकाळी दाजींचा फोन. "बाळू, लवकर ये. नागू जेवंना झालाय."

आलो. ताट वाढलं. जेव बाबा म्हटलं.

"आज सोमवार हाय मामा. आईचा उपवास मी धरायलाव."

"आन् गोळी?"

"जेवल्यावर हाय ती."

ओसरीवर येऊन मोबाईल काढला.

गुलबर्ग्याच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, जेवणासाठी अडून बसू नका, गोळी द्या, त्याला एकटं सोडू नका, उद्याच घेऊन या. हे नागूला सांगितलं. बिदरचे डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, की एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई माझ्यामुळं गेली मामा. मी कामून बरं व्हायचं?"

याचं उत्तर कुणाकडे असेल तर सांगा रे.

चिंताकीला येणाऱ्या सगळ्यांना हात जोडतो. या, बसा, चहा घ्या. पण पोराच्या काळजीचं ते वाक्य या घरात पुन्हा काढू नका. पोरगं हातचं जाईल आमचं.

ताट झाकून ठेवलंय. गोळी माझ्या मुठीत आहे.

अक्का, तू बसायचीस तिथेच बसलोय. तो गिळेपर्यंत हलणार नाही.

तुझे सगळे उपवास आता सुटले गं. पोराचा तेवढा सोडव.

तुझ्या बाळ्याचा तुला शेवटचा नमस्कार.