गुळव्याचा एक शब्द

राहू गावच्या गुऱ्हाळावर गूळ रांधणाऱ्या ज्ञानदेवानं आजवर कुणाला शिवी दिली नाही. गरजच पडली नाही. उगाच ऐटीत फिरणारा पप्पू म्हणजे 'फेस'. चहाची वेळ साधून टेकणारा बाळासो 'चिकटा'. घरोघर भांडणं लावणारी भागुबाई, उकळत्या रसावर येते ती 'मळी'. त्यानं एक शब्द टाकला की माणूस जन्मभर तोच.

बुधवारी सकाळी न्हावरे गावचा विनोद मोटरसायकलवरून उतरला. भाचीला स्थळ आलं होतं, त्याची चौकशी. यवतच्या स्टँडवर कुणीतरी सांगितलं होतं, माणूस ओळखायचा तर राहूच्या गुळव्याला गाठा. गुळव्या नवऱ्या मुलाचाच बाप, एवढं मात्र त्या भल्या माणसानं पोटात ठेवलं. बायोडाट्यातही 'वडील : शेती' असंच होतं.

"आबा, हितला महेंद्र कसा हाय ओ?"

ज्ञानदेवाच्या हातातलं फावडं रसाच्या काहिलीत थबकलं. दोन वर्षांत चार कंपन्या सोडणाऱ्या पोराला तो घरात रोज 'कच्चा पाक' म्हणायचा. पण एवढ्या पुढं आलेलं हे पहिलंच स्थळ. बायकोनं, जाईबाईनं, तर रविवारपासून घर सारवायला काढलेलं. शब्द बोलावा तर स्थळ गेलं. गिळावा तर घशात अडकतोय.

"पोरगं म्हंजी... पहाटं उठतं. सुपारीचंबी व्यसन न्हाई. नोकऱ्या सोडल्यात, पर सुपरवायझर एकेक कसलं असत्यात! आन् ल्हानपणी गोवर झालता, तवापासनं जरा..."

"चाचा, जल रहा है!" चुलाणावरचा गडी ओरडला.

काळा धूर उठला. मालक पोपटराव धावत आले. "ज्ञानदेवा, तीस वर्सांत पयल्यांदा गूळ करपला! ध्यान कुठं हाय तुजं?"

विनोदनं नाकाला रुमाल लावला. "आबा, तुमी एका शब्दाचं माणूस म्हणत्यात. आन् पार गोवरापातुर गेलात. पोरगं तुमचंच दिसतंय."

"व्हय."

"मग आता एका शब्दात सांगा."

ज्ञानदेवानं घाम पुसला. "कच्चा."

विनोदनं गाडीला किक मारली. "रविवारी लावून द्या त्याला. एकट्यालाच. मीबी तीन कंपन्या सोडल्यात. बघतो किती कच्चाय."

तो गेला. ज्ञानदेव काळी काहील घासायला बसला, पण बूड टेकेना. दर दोन मिनिटांनी उठायचा, पोराला फोन लावायचा. पाचव्यांदा उचलला.

"म्हेंद्रा, रविवारपातुर ही नोकरी सोडायची न्हाई. कंपनीतच हायस न्हवं?"

"व्हय, कंपनीतच हाय की."

आणि फोनमध्ये पलीकडं जीपवाला घसा ताणून ओरडत होता, "चौफुला! चौफुला! चला, एकच सीट!"