कोंडाबाईंचा पान्हा

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नर्सिंगमध्ये सव्वीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस बाळंतिणींच्या वॉर्डात. नजर लागू नये म्हणून नातेवाईक बाळाच्या उशाखाली विळे ठेवतात, ते मी जप्त करते. या क्षणी माझ्या कपाटात तीन विळे आणि एक अडकित्ता आहे... ज्यांचे असतील त्यांनी ओळख पटवून घेऊन जावेत! वॉर्डात मला 'खडूस सिस्टर' म्हणतात हे मला माहीत आहे आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

तर आमचं हॉस्पिटल क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवर. बाळंतिणींचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर, आयसीयू तिसऱ्या. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कन्नडकडची सुनीता, पहिलटकरीण, सकाळी बाळंत झाली आणि तासाभरात रक्तस्राव सुरू झाला. थांबता थांबेना. ऑपरेशनला नेलं, तिथून बेशुद्धीतच आयसीयूत. नवरा रक्ताच्या पिशव्यांसाठी पळत होता. बाळाजवळ उरली फक्त तिची सासू, कोंडाबाई. साठी उलटलेली, काटक, मेंढरांमागे हिंडून उन्हानं रापलेली बाई.

बाळ जेमतेम दोन किलोचं. एवढ्याशा बाळाची साखर पटकन उतरते, म्हणून मी वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजायला बसले. तीनदा पाजलं, तिन्ही वेळा त्यानं ओकून टाकलं. टाचेतून थेंब काढून तपासलं तर साखर घसरलेली. रडणं बंद, हातपाय सैल... हे लक्षण चांगलं नसतं. डॉक्टर मॅडमना बोलवायला आणि वर नवजात विभागात जागा आहे का विचारायला मी टेबलापाशी फोनवर गेले. पाच-सात मिनिटं गेली असतील. परत आले तर कोंडाबाई कॉटवर मांडी घालून बसलेल्या, पदराखाली बाळ — छातीशी लावलेलं!

मी भडकलेच. "आजी, काय चाललंय हे? कोरडं चोखून दमेल ते! आहे ती ताकदही जाईल त्याची!"

"वरडू नका बाई. पितंय ते."

"काय पितंय?"

"दूध. दुसरं काय आसतंय तिथं?"

मी पदर बाजूला केला. बाळाच्या ओठांच्या कडेनं दूध ओघळत होतं. आधी वाटलं, चमच्याचंच राहिलं असेल. बाळाला जरा दूर केलं आणि स्वतःच्या हातानं दाबून पाहिलं — धार माझ्या मनगटावर आली. कोमट. सर्रकन काटा आला अंगावर... आत्ता लिहितानाही येतोय. कोंडाबाईंचं शेवटचं मूल म्हणजे सुनीताचा नवरा, तीस वर्षांचा. पाळी जाऊनही बारा-तेरा वर्षं झालेली.

डॉक्टर मॅडम धावत आल्या आणि बघतच राहिल्या. "सिस्टर, हे कसं..." एवढंच म्हणाल्या. पुन्हा टाच टोचली. साखर वर आलेली. अर्ध्या तासानं आणखी वर. मग बाळानं पाय झाडले आणि असं खणखणीत रडलं की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मलाही तिथंच रडू फुटलं.

नियमाप्रमाणे कोंडाबाईंच्या रक्ततपासण्या झाल्या, बाळाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि पुढचे दोन दिवस त्याच पाजत राहिल्या. एकदा न राहवून मी विचारलं, "आजी, केलंत तरी काय तुम्ही?"

"मी काय केलं? कोकराची माय मेली तर दुसऱ्या मेंढीला लावतोत आमी. लागली तर लागती. म्या म्हणलं, आपुन बी बघू." बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाल्या, "पर ह्याची माय मेली नाय, बाई. माझी सून वर हाय. हे तिचं हाय, मी नुसतं सांभाळायले."

वर मात्र सुनीता डोळे उघडत नव्हती. आणि उघडले तरी, इतकं रक्त गेलेल्या बाईला दूध येईलच असं नसतं. हे मी कोंडाबाईंना सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराचा राऊंड चालू असताना त्यांनी मला हाक मारली. चेहरा उतरलेला. "शिस्टर बाई, आटलं."

मी दाबून पाहिलं. नऊ वाजता मी स्वतः धार पाहिली होती, आता थेंब नाही. सुनीताचं काही बरंवाईट तर झालं नाही? तोच विचार त्यांच्याही मनात आला असणार, कारण आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आयसीयूची सिस्टर.

"तुमची सुनीता शुद्धीवर आली! बाळ मागतेय. आणि येताना कोरडा गाऊन आणा, तिचा पुढून पार भिजलाय... अहो, दुधानं!"

आम्ही बाळ घेऊन वर गेलो. कोंडाबाई आयसीयूच्या दारात थांबल्या.

"चला की आत," मी म्हणाले.

"नगं. मी आले तर माझ्या वासानं वळंल ते. आता तिचा वास लागू द्या त्याला."

आणि बाहेरच्या बाकावर बसून, तोंडात पदर कोंबून त्या रडल्या. आत सुनीताला हात उचलायचीही ताकद नव्हती, बाळ मीच धरलं. पहिल्याच प्रयत्नात लागलं. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पोटभर प्यालं?"

"पोटभर."

"मंग झालं."

पुढं डॉक्टर मॅडमनी बरंच वाचलं. उतारवयातही दूध परत येऊ शकतं म्हणे, पण कित्येक दिवस बाळ लावून, बहुतेकदा औषधं देऊन. पाच-सात मिनिटांत कसं आलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. आणि खाली आटलं त्याच वेळी वर कसं उतरलं, ते तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

डिस्चार्जच्या कागदावर बाळाच्या आहारासमोर दोन चौकोन असतात — आईचे दूध आणि वरचे दूध. पहिले तीन दिवस काय लिहायचं ते मॅडमनी माझ्यावर सोडलं. पेन हातात धरून मी बराच वेळ बसले, आणि मग 'आईचे' वर खूण केली. खोटं लिहिलं असं मला आजही वाटत नाही... का वाटत नाही, ते मात्र विचारू नका.