अडलेली मोटर

विनिफ्रेडचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कोंबड्यांचं खुराडं उघडायचं, दाणे टाकायचे, मग माजिवड्याच्या नाक्यावरून मानपाड्याच्या कंपनीची बस. तिथे खेळण्यातल्या गाड्या बनत. मी तिचा शेजारी, तिथेच खोकी उचलायचो; ती मोटर तपासायची. सेल लावला की चाक पुढे, वायरी उलटवल्या की मागे. चाक हवेत, मोकळं फिरणारं. नोकरीभर हेच.

निवृत्तीनंतर तिचे गुडघे गेले. ऑपरेशनसाठी पगारातून साठवलं होतं, पण आधी मुलीचं, टान्याचं लग्न. लग्नाच्या आदल्या दिवशी, उंबराचं पाणी आणायच्या विधीला, पंगतीत घरच्याच कोंबड्या हव्यात, हा विनिफ्रेडचा हट्ट. वर्षभर त्यासाठीच पाळल्या. पण खुराड्यापर्यंत चालवेना. मग तिने खुराड्याच्या दाराच्या सरकत्या फळीला दोरी बांधली, दोरीला खेळण्यातली मोटर. बटण पलंगाशी. इकडे दाबलं की दार उघडणार, तिकडे दाबलं की बंद.

"कडी?" मी विचारलं.

"कशाला रे साईनाथ? बटण चालूच ठेवते. मोटर दार दाबून धरील."

मलाही पटलं.

लग्नाच्या आठवड्यातच, सकाळी टान्याची किंकाळी ऐकून धावलो. फळी चार बोटं सरकलेली. आत पिसं आणि रक्त. मुंगसाने एकच कोंबडी सोडलेली, ती वरच्या दांडीवर थरथरत होती. विनिफ्रेड जमिनीवरच बसली होती. रडत नव्हती. पापणीही हलत नव्हती.

सेल पार संपले होते. एका रात्रीत? मी नवा सेल लावला. मोटर मोकळी फिरली, सेल थंड. मग चाक बोटाने धरून ठेवलं. सेल तापला, चटका बसला.  फिरताना मोटर थोडीशी वीज खाते, अडून उभी राहिली की अधाशासारखं खाते! एवढ्या मोटरी हाताखालून गेल्या, अडलेलं चाक कुणी तपासलंच नव्हतं.

"आपल्या सुपरवायझरसारखी," विनिफ्रेड म्हणाली. हसलं कुणीच नाही.

मी दोरी काढून स्क्रूसारखी आट्यांची सळी बसवली. मोटर फिरली तरच फळी हलते, बाहेरून ढकलून हलत नाही. सळीला चर्चमधल्या मेणबत्तीचं मेण चोळलं. बटणावरून बोट उचललं की वीज बंद. आता तसलेच सेल महिनोन् महिने पुरतात. आत कोंबडी एकच.

पंगत झाली. कोंबड्या नाक्यावरच्या दुकानातल्या होत्या, पांढऱ्या, फुगीर. गुडघ्यासाठी साठवलेला पगार त्यांच्यात गेला.