गेल्या वर्षीची आवृत्ती

लातूरच्या माणसाला गेल्या वर्षीचं गाइड चालत नाही. भूकंपानंतरच्या वर्षांत मी देगलूरहून इथं शिकायला आलो, तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागून राहिल्या होत्या. पुस्तकाच्या दुकानात पहिला सवाल एकच असायचा, नवी आवृत्ती आली का? जुनी घेणारा पोरगा वाया गेला असंच समजायचं. पुढं मी स्वतः क्लासात फिजिक्स शिकवायला लागलो आणि हेच पोरांच्या डोक्यात भरत आलो.

मध्यंतरी देगलूरला अम्मीची नजर काचबिंदूनं गेली. सारी उमर मराठी शाळेत शिकवलेली बाई, सकाळी पेपर हातात आल्याशिवाय चहाला शिवायची नाही. आता भाभीला वेळ मिळेल तेव्हा तिच्याकडून वाचून घ्यायची, आणि मग हळूहळू मागणंच सोडलं. राहू दे, काय नवीन असतंय त्यात, असं म्हणायची.

पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारं एक फुकट ॲप मला सापडलं. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा सगळा कोड उघडा, ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करावा. पण मराठी बातमी लागली की ते बंदच पडायचं. कोडिंगची खाज मला जुनी. कैक रविवार घातले तेव्हा चूक हाती लागली, दुरुस्ती जेमतेम दोन ओळींची. आता त्या कोडचं ॲप बनवायला बिल्ड टूल लागतात, कोड जोडून ॲप तयार करणारी साधनं. ती कोणत्या आवृत्तीची घ्यायची हे कोडसोबतच्या सूचनांत सुरुवातीलाच लिहिलं होतं. वाचून मला हसू आलं. इतकी जुनी? मी पडलो लातूरकर! सगळी ताजी साधनं डाउनलोड केली. बिल्ड धडाधड कोसळायला लागलं, तसा मी ॲपच्याच फायली बदलत सुटलो. हे जुळव, ते उडव, करत करत ॲप बनलं एकदाचं. दुरुस्ती ॲप सांभाळणाऱ्यांकडं पाठवून दिली आणि ऐटीत देगलूरची एसटी पकडली.

अम्मीच्या फोननं ॲप घेतलंच नाही. या फोनवर चालणार नाही, एवढं दाखवून गप्प. माझं डोकं फिरलं. फोन पार भंगार झालाय, उद्याच नवा आणतो, म्हणालो. पण कुठं दाबलं की काय उघडतं, ते त्याच फोनवर तिनं महिनोन्महिने चाचपून शिकलेलं. तिनं तो पदराखाली ओढून घेतला.

"डोळ्यांचं गेलं," ती म्हणाली, "आता बोटांना पाठ झालेलं बी घेऊन जातो का?"

नव्या फोनचा विषय मी तिथंच सोडला.

त्याच दुपारी ॲप सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. कुठल्या मुलुखातल्या, खुदा जाणे. दुरुस्ती अगदी बरोबर आहे, पण साधनं कशाला बदलली, असं त्यांनी विचारलं होतं. नव्या साधनांनी बनवलेलं ॲप जुन्या फोनवर चालत नाही, आणि आपली बरीच माणसं जुनेच फोन वापरतात, म्हणून ती आवृत्ती मुद्दाम धरून ठेवलीय. घ्या! नव्याच्या नादात मी ज्यांना दाराबाहेर काढलं, त्यांच्यात पहिली माझीच अम्मी.

तिथंच ओसरीवर लॅपटॉप उघडला. त्यांनी सांगितलेल्या आवृत्तीचीच साधनं आणली, माझ्या दोन ओळी तेवढ्या ठेवल्या. बिल्ड एका दमात झालं, आणि फोननंही मुकाट घेतलं. दुरुस्ती परत पाठवली.

अम्मीनं आधी मोंढ्यातले सोयाबीनचे भाव लावले, मग निधनवार्ता. थोड्या वेळानं कुरकुरली, ही वाचणारी बाई लई घाई करून राहिली, अशानं पोरांना काय समजंल. मी आवाजाचा वेग कमी करून दिला. तेवढ्यात दुरुस्ती मंजूर झाल्याचा निरोप आला. मी हरखून तिला सांगायला गेलो, तर तिनं माझ्याकडं न वळता हात वर केला.

"थांब जरा," ती म्हणाली, "पेपर वाचून राहिले मी."