मेहुण्याची जीभ

वस्तादाचा दिवस सकाळी नऊला सुरू व्हायचा, आणि तो ओरडण्यानेच सुरू व्हायचा. अर्धवट वर केलेल्या शटरखालून वाकून आत यायचं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असायच्या त्यांतून वाट काढत मागे स्वयंपाकघरात जायचं आणि सगळ्यांत मोठी कढई उचलून तिच्या तळाला बोट लावायचं. बोट काळं झालं की भांडीवाल्या बाईला हाक.

"हे घासलंय का कुरवाळलंय?"

कामाला तो वाघ होता, हे कबूल केलंच पाहिजे. चायनीज हॉटेलातली भट्टी म्हणजे घरची शेगडी नव्हे. जाळ कढईच्या काठावरून वर येतो. डाव्या हाताने जड लोखंडी कढई उडवायची, उजव्या हाताने पळी चालवायची आणि गुडघ्याने गॅसचा दांडा ढकलून जाळ कमी-जास्त करायचा. तिन्ही एकदम. ज्याने एक संध्याकाळ हे केलंय त्यालाच ते कळेल. वस्तादाने अर्धं आयुष्य हेच केलं. डावा खांदा कामातून गेला तरी कढई सोडली नाही. आणि ज्याला हे जमत नाही तो माणसात जमा नाही, असं त्याचं सरळ मत होतं.

या मताचा सगळ्यांत जास्त मार बसायचा मेहुण्याला. बायकोचा हा धाकटा भाऊ. वस्तादानेच त्याला इथे चिकटवला होता, पुढच्या बारच्या काउंटरवर. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी काउंटरकडे उघडायची. वस्ताद तिच्यातून डोकं काढून गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा बघा, बर्फ टाकायचा पगार घेतो. कधी घाम आला तर घाबरून डॉक्टरकडे पळेल."

गिऱ्हाइकं हसायची. मेहुणाही हसायचा. "दाजी, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत."

मागच्या हिवाळ्यात वस्तादाला ताप आला. आठवडाभर अंगात होता, आणि जाताना नाक आणि जीभ घेऊन गेला. मिरची तेवढी झोंबायची. बाकी खारट काय, गोड काय, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. डॉक्टर म्हणाला, येईल परत, नाहीतर नाही येणार. एवढं सांगायला त्याने फी घेतली.

चव न कळणारा स्वयंपाकी कोण ठेवील? वस्तादाने ही गोष्ट एकालाच सांगितली. तांदळाच्या पोत्यांमागे मेहुण्याला नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात धरला.

"मालकाच्या कानावर गेलं तर संपलो."

"काळजी सोडा, दाजी. आजपासून माझी जीभ तुमचीच."

वस्तादाचा हात पक्का होता. किती पळ्या सोया सॉस, किती चिमटी साखर, हे बोटांना पाठ होतं. तरी दुपारी संध्याकाळचा सॉस शिजला की तो वाटीभर काउंटरवर न्यायचा. मेहुणा बोट बुडवून चाटायचा आणि मान हलवायचा. बस्स. मिनिटभराचं काम. त्याबद्दल वस्तादाने त्याचे उपकार कधी मानले नाहीत. उलट खिडकीतून टोमणे चालूच ठेवले, म्हणजे कोणाला संशय येऊ नये.

घरीही त्याने हीच हुशारी केली. लग्नापासून तो बायकोच्या जेवणाला नावं ठेवत आला होता. आता एकदम गप्प जेवला तर तिला कळेल. म्हणून आंधळेपणाने नावं ठेवायला लागला. "आज मीठ जास्त." दुसऱ्या दिवशी, "आज मीठच नाही." एकदा त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, "इतकी वर्षं झाली, साधी भाजी जमत नाही तुला." बायको स्वतःच्या ताटातला घास पुन्हा चाखून बघायची. पुढे पुढे ती चमच्याने मोजून मीठ घालायला लागली. ते बघून वस्तादाला बरंच वाटलं. शिस्त लागतेय, म्हणाला.

अशात मालकाने त्याला बोलावलं. मोठ्या रस्त्यावर दुसरं हॉटेल काढायचं ठरत होतं. जागा बघून ठेवली होती. जागेचा मालक बायको, आई आणि पोरांना घेऊन गुरुवारी जेवायला येणार होता.

"त्याला जेवण आवडलं तर जागा आपली," मालक म्हणाला. "आणि तिथलं स्वयंपाकघर तुझं. खांदा गेलाय तुझा, मला दिसतं. तिथे कढईला हात लावायचा नाहीस. खुर्चीवर बसायचं आणि चव घ्यायची."

वस्तादाने मान डोलावली. खुर्ची त्याला हवी होती. इतकी हवी होती, की चवीचं पुढचं पुढे बघू म्हणाला. मेहुण्याला तिकडे घेऊन जाऊ, झालं.

गुरुवारी सोया सॉसचे डबे वेगळेच आले. नेहमीचा माल संपला होता, म्हणून दुसऱ्या कंपनीचे. वस्तादाने पळी भरली आणि थांबला. हात फक्त जुन्या सॉसला सरावलेला. हा किती खारट, हे बोटांना कसं कळणार? त्याने अंदाजाने सॉस शिजवला आणि वाटी काउंटरवर नेली.

मेहुण्याने चाटलं. "मीठ कमी आहे, दाजी."

"कमी? हात तर सांगतोय बरोबर आहे."

"हाताला जीभ असती तर माझ्याकडे कशाला आला असता?"

वस्तादाने आत जाऊन मीठ घातलं. पुन्हा वाटी आणली.

"अजून जरा."

पुन्हा घातलं.

"आता कसं! बोटं चाटत बसतील."

पाहुणे दिवेलागणीला आले. त्या दिवशी वस्तादाने जीव ओतून काम केलं. एक नूडल चिकटली नाही, एक भाजी लिबलिबीत झाली नाही. सूप गेलं, नूडल्स गेल्या, भात गेला. सगळ्यांत तोच सॉस. मग बाहेर एक पोरगं थुंकलं. पाहुण्याची आई हसत म्हणाली, "समुद्रात बुडवून आणलंय की काय?"

मालक नूडल्सचं भांडं घेऊन आत आला.

"चव घे."

वस्तादाने खिडकीकडे पाहिलं. मेहुणा पाठमोरा उभा राहून ग्लास पुसत होता. वस्तादाने घास घेतला. जिभेवर ओला पुठ्ठा.

"बरोबर आहे, मालक."

"बरोबर? मग खा. सगळं खा."

भांडीवाली बाई नळ बंद करून बघत राहिली. वस्ताद उभ्याने खात होता. तोंड वाकडं झालं नाही की पाणी मागितलं नाही. भांडं रिकामं झालं तेव्हा मालक खालच्या आवाजात म्हणाला, "कधीपासून?"

उत्तर खिडकीतून आलं. "हिवाळ्यातल्या तापापासून."

"आणि माझी गिऱ्हाइकं याच्या हातचं खातायत?" मालकाने त्याचा एप्रन स्वतःच्या हाताने सोडला आणि मागचं दार दाखवलं.

महिन्याचा पगार बाकी होता. तो घ्यायला वस्ताद दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. हॉटेल रिकामं होतं. काउंटरवर मेहुणा.

"तू कमी आहे म्हणालास."

"म्हणालो."

"का रे? मी तुझं काय वाईट केलं?"

"माझं? माझं काही नाही. मला काय, सवय आहे." मेहुण्याने ग्लास उजेडात धरून पाहिला. "ताई डबा घेऊन आली होती माझ्याकडे. म्हणाली, खाऊन सांग, माझ्या हाताची चव गेली का? तुझे दाजी ताट ढकलतात. मी खाल्लं. फर्स्ट क्लास होतं, दाजी. ती समोर बसून रडत होती आणि मला काही सांगता येईना. तुम्हाला शब्द दिला होता ना."

"तिला कळलंय?"

"आज सकाळी सांगितलं. ती माझ्याकडेच आहे. जेवली. पोटभर."

वस्ताद स्टुलावर बसला. मग म्हणाला, "पगार."

"तो संपला. पाहुण्यांचं जेवण मालकाने स्वतःच्या माथी घेतलं. पण त्यांची तोंडं खारट झाली होती, ती धुवायला पाहुण्याने वरच्या फळीवरची महागडी बाटली उघडायला लावली. ती तुमच्या पगारातून."

वस्तादाने वर पाहिलं. फळीवर धूळ होती आणि धुळीत एका बाटलीएवढी गोल जागा स्वच्छ होती.

"सगळी प्याला?"

"कुठलं! एकच पेग घेतला. उरलेली घरी घेऊन गेला."