रसवंतीवरचं इंजिन

आजोबांच्या काळातली माझी मोटार एका कार्बोरेटरवाचून अडली होती. तसलंच इंजिन आळेफाट्याजवळ एका रसवंतीचा चरक फिरवतं, असं मेकॅनिकनं सांगितलं, म्हणून गेलो.

चरकावर एक बाई होत्या. एका हातानं ऊस सारायच्या, दुसऱ्या हाताचा तळवा मधूनच इंजिनावर ठेवायच्या, लेकराचा ताप बघावा तसा. इंजिनाच्या गळणाऱ्या पाण्याच्या पंपाखाली डबा लावलेला.

"मावशी, ह्याचा कार्बोरेटर द्या. बदल्यात चरकाला नवी विजेची मोटर बसवून देतो."

"तुमची गाडी कुठं जाती?"

"प्रदर्शनात. वर्षातून एकदा."

"आन् बाकीचं साल?"

"झाकून ठेवतो."

त्या हसल्या. "पावणं, जित्याचं काळीज काढून मढ्यात घालत्यात व्हय? त्यापरीस तुमच्या गाडीचा पाण्याचा पंप आणा. माझा लई गळतोय."

मला राग आला. रस न पिताच निघालो.

घरी गाडीवरचं कापड काढलं आणि इंजिनावर तळवा ठेवला. गारढोण लागलं.

दुसऱ्या दिवशी पंप खोलून रसवंतीवर नेऊन दिला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. आभार वगैरे काही नाही.

म्हणाल्या, "अजून काय काय हाय?"